तालुक्यात एकच ऊर्णा

हसायचं असंन तं आताच हसून घ्या. मधात कोणी हसलं तर मी सांगायचं थांबवीन आणि केटलीत उरलेला चहापण पिऊन टाकीन. कारण या भानगडीत मी जी माती खाल्ली ना, ती माइकवर खाल्ली. मंगल कार्यालयाच्या बाहेर पानठेला आहे, तिथपर्यंत ऐकू गेली.

मी तेव्हा दारव्ह्याले एका सरकारी हापिसात बाबू होतो. आमचं घराणंच बाबूंचं. आज्यानं फायली बांधल्या, बापानं बांधल्या, मी बांधून राह्यलो होतो. शेती आम्ही पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. पण माझं लग्न झालं शेतकऱ्याच्या घरी. बायकोचं नाव शोभा. तिचं माहेर दारव्ह्याहून जीपनं पाऊण तासावर. काळी जमीन, कापूस, तूर, आणि त्या सगळ्यावर माझे सासरे, ज्याइले मी मामाजी म्हणतो. मामाजी कमी बोलतात. इतके कमी, की बोलले तं ऐकणारा महिनाभर तेच घेऊन हिंडते.

आता तुम्ही म्हणाल, चांगला बाबू माणूस, तुले शेतीच्या मधात पडायची काय गरज? तेच तं! कापसाची ती वाईट वर्षं होती. एका साली अळी, दुसऱ्या साली लाल्या, सगळं रान लालेलाल. मले वाटलं, जावई म्हणून आपणही काही हातभार लावावा. ज्या माणसाले कोळपायचा डवरा कशाले म्हणतात हे लग्नानंतर समजलं, तो हातभार लावायले निघाला. जीपच्या ठिय्यावर एक जण भेटला. त्याच्याजवळ नवीन बियाणं होतं, पाकिटावर वाटीएवढं फुटलेलं बोंड छापलेलं. म्हणे, असं बियाणं अजून यवतमाळातही कोणाजवळ नाही. मी चार पाकिटं नेऊन मामाजीच्या हातात ठेवली आणि छाती ठोकून सांगितलं, जबाबदारी माझी.

पराटी उगवली. पराटी म्हणजे आमच्याकडं कपाशीचं झाड. अशी वाढली, अशी वाढली, की मामाजीची टोपी दिसेना. बोंड मात्र औषधाले नाही. दिवाळीले सासरी गेलो तर मामाजी मले धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, घेऊन गेले. एका झाडाचा शेंडा वाकवून पाह्यला. मग एवढंच म्हणाले,

"जवाईबुवा, तुमची पराटी सावलीले चांगली हाये."

त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. माझं सोडा, मी काय, हापिसातला साहेबही माझ्याशी बोलत नसे. पण शोभाचं माहेर सुटलं. ज्या घरात माझ्या नवऱ्याले कोणी बस म्हणत नाही, तिथं मी कोणत्या तोंडानं जाऊ, असं तिचं म्हणणं. तिची माय बाजाराच्या दिवशी येऊन घटकाभर भेटून जायची. माय गेली की शोभा घासलेली भांडी पुन्हा घासत बसे, आणि मी पेपर तोंडासमोर धरून बसत असो. लय वाईट वाटे मले. पण सांगायचं कोणाले?

आता माझा दुसरा गुण ऐका. मी लोकांच्या लेकरांची नावं काढून द्यायचो.

हे कसं सुरू झालं, काही ठाऊक नाही. एकदा हापिसातल्या शिपायाले एक नाव सुचवलं, ते त्याच्या बायकोले आवडलं, आणि मग जो तो माझ्या टेबलाशी. पंचांगातून भटजीनं अक्षर काढून दिलं की लोक ते चिठ्ठीवर लिहून आणत आणि म्हणत, बाबूजी, याच्यावर एक काढा. त्या वर्षांत लोकांची अट एकच असायची, नाव कोरं पायजे. ज्याच्या नशिबात वाईट वर्ष आलं, त्याचं नाव नको. आजीचं नको, शेजारणीचं नको, कोणाचं वापरलेलं नको. नशीब तरी नवं लागावं लेकराले, बस इतकीच आशा. मी हसत नसो त्याइले. आपल्या हातात काही नसलं म्हणजे माणूस नावाले धरून बसते.

बाकी अक्षरं ठीक होती. पण 'उ' निघालं की लोकांचे चेहरे उतरत. उषा, उमा, उज्ज्वला, उर्मिला, सगळ्या घरोघरी. मग मी पेन टोपणात घालायचो, खिडकीबाहेर पाहायचो आणि हळूच म्हणायचो, "ऊर्णा."

लोक खुश! कधी ऐकलं नाही असं नाव. मी सांगायचो, तालुक्यात एकच राहील.

हे नाव मी आणलं कुठून? ते मी कोणालेच सांगितलं नव्हतं. शोभाले सांगितलं होतं, जुन्या पोथीत सापडलं. तुमाले खरं सांगतो. बारावी सायन्सले यवतमाळात आमच्या वर्गात ऊर्णा नावाची पोरगी होती. माझ्या दोन बाकं पुढं बसायची. हजेरीत सरांनी ते नाव घेतलं की माझा आपला एक ठोका चुकायचा, आणि त्यातच माझा नंबर निघून जायचा. वर्षभरात मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. ती पास झाली, मी नापास झालो, विषय संपला. मले दोन्ही पोरंच झाले, म्हणून ते नाव घरात वापरता आलं नाही. मग दुसऱ्याइले वाटत सुटलो.

अर्थ? अर्थ मले काय माहीत! लोक विचारत, मी ज्याचं त्याचं पाहून सांगत असो. शिपायाले म्हटलं, पहाटेचं पहिलं किरण. एक हवालदार होता, त्याले सांगितलं, शत्रूवर विजय मिळवणारी. शाळेतल्या मास्तराले सांगितलं, वेदातली नदी. मास्तरनं कोणता वेद म्हणून विचारलं नाही, हे माझं नशीब. चौथं नाव टाळायचा मी प्रयत्न केला, खोटं नाही बोलत, पण समोरचा माणूस बाभुळगावचा निघाला. म्हटलं, हा कायले मरायले दारव्ह्याले येते? देऊन टाकलं. पाचवं कोणाले दिलं, ते माझं मलेच आठवत नाही.

आणि मग माझ्या साळ्याले, दिलीपले, नऊ वर्षांनी लेकरू झालं. पोरगी. किती नवस, किती दवाखाने झाले असतील. दिलीप सांगायले स्वतः घरी आला. दोन वर्षांत पहिल्यांदा, मायशिवाय, त्या घरचं दुसरं माणूस आमच्या उंबऱ्यात. पाणी प्यायला आणि म्हणाला, बाबांचा निरोप आहे, नाव भाऊजीनं काढावं.

मले भरूनच आलं. पण दिलीप पुढं म्हणाला, अक्षर 'उ' आहे, आणि बाबांनी आणखी एक सांगितलं.

"काय सांगितलं?"

"म्हणाले, या खेपेले बियाणं तपासून आणा म्हणा."

आता कोणीही शहाणा माणूस काय करीन? शब्दकोश उघडीन. मी उघडणारच होतो हो! पण मागं दारात शोभा उभी होती. तिचा चेहरा असा फुलला होता, की दोन वर्षांत तसा मी पाहिला नव्हता. ती म्हणाली, अहो, ते ऊर्णा द्या ना. तालुक्यात कोणाचंच नाही म्हणता ना तुम्ही?

मी पाच जणांना दिलं हे सांगायले तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून निघालं, "हो, एकच राहील." अर्थही देऊन टाकला. शेत राखणारी देवी.

बारसं झालं. शोभा आत्या, म्हणून कानात नाव तिनंच सांगितलं. बायांनी पाठीत धपाटे घातले, पेढे वाटले, आणि मी दाराशी चपलांजवळ उभा होतो, तर मामाजी उठून आले. बाजेकडं हात करून म्हणाले, "बसा, जवाईबुवा." मी बसलो. आतून शोभानं ते पाहिलं आणि पदर तोंडाले लावला. त्या एका 'बसा'वर तिचं माहेर परत आलं. आता समजलं, ते नाव खोटं निघालं असतं तर काय काय गेलं असतं?

वर्षा-दीड वर्षानं दारव्ह्याच्या महिला मंडळानं मंगल कार्यालयात सुदृढ बालक स्पर्धा ठेवली, तालुक्याची. माझा आवाज बरा आहे म्हणून माइक माझ्याकडं. सकाळी नऊ वाजता मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माझ्या हातात लेकरांची यादी दिली. मी वरून खाली बोट फिरवलं. नंबर तीन, ऊर्णा. नंबर सात, ऊर्णा. अकरा, बारा, लागोपाठ. एकोणीस. आणि तेवीस, ती आमची.

बाप्पा! यादीची घडी घातली, पुन्हा उघडली, तरी सहाच्या सहा तिथंच.

वर पाहतो तं पहिल्या रांगेत मामाजी. धुतलेलं धोतर, कोरी टोपी, बाजारालेही न येणारा माणूस नातीसाठी आला होता. त्याच्या बाजूले दिलीपची बायको वंदना, मांडीवर पोरगी. तिच्या बाजूले शोभा, बाजूच्या बाईले सांगून राह्यली की कानात नाव मी सांगितलं, यांनी काढलं. बाभुळगाववाला माणूसही दिसला. त्याच्या बायकोचं माहेर दारव्हा निघालं! हे मले कोणी आधी सांगायचं नाही?

मी मनाशी ठरवलं, नावच घ्यायचं नाही. नंबर आणि आडनाव, बस. पोलीस भरतीसारखं पुकारू लागलो. नंबर तीन, आडनाव अमुक, काट्यावर या. अंगणवाडीच्या बाई वजन घेऊन राह्यल्या होत्या, त्याइनं दोनदा विचारलं, बाबूजी, लेकराचं नाव? मी म्हटलं, वेळ कमी आहे. हवालदाराची बायको तणतणली, एवढं चांगलं नाव ठेवलं ते काय घरात ठेवायले? मी ऐकलं नाही असं दाखवलं. घाम कानामागून गळ्यात, गळ्यातून सदऱ्यात.

बारा नंबरपर्यंत निभलं. मग मास्तरची पोरगी मांडीवरून सुटली आणि सतरंजीवरून दुडूदुडू स्टेजकडं निघाली. मागून तिच्या मायनं हाक मारली,

"ऊर्णा, इकडं ये!"

चार पोरींनी मान वळवली. बाकीच्या दोन झोपल्या होत्या म्हणून वाचलो. त्या मायांनी एकमेकींकडं पाह्यलं. मग कुजबुज सुरू झाली, ती रांगेरांगेनं पुढं सरकत आली. वंदनानं मांडीवरच्या पोरीले घट्ट धरलं. शोभा आता बाजूच्या बाईशी बोलत नव्हती. ती माझ्याकडं पाहून राह्यली होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. तिनं ते नाव स्वतःच्या तोंडानं लेकराच्या कानात घातलं होतं ना. मामाजी मात्र समोर पाहत बसले होते. त्याइच्या चेहऱ्यावरचं काही मले कधीच वाचता आलं नाही.

मी देवाले म्हटलं, कसंही करून हे थांबव. आणि देवानं थांबवलं. दारात गाडी वाजली, प्रमुख पाहुण्या आल्या. यवतमाळच्या बालरोगतज्ज्ञ बाई. पत्रिकेवर नुसतं डॉक्टर आणि आडनाव होतं, तेही सासरचं. मी हार घेऊन पुढं झालो, वर पाह्यलं.

दोन बाकं पुढं!

चष्मा लागला होता, केसात एक पांढरी बट होती, पण तीच. माझ्या हातातला हार माझ्याच गळ्यात घालतो की काय, अशी वेळ आली. अध्यक्षबाईंनी हार काढून घेतला आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली, परिचय वाचा म्हणून. मी वाचलं, "आपल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, डॉक्टरबाई." अध्यक्षबाई माइकजवळ वाकून म्हणाल्या, पूर्ण नाव घ्या हो, असं काय करता?

घेतलं. काय करतो? "डॉक्टर ऊर्णाताई."

आणि माइक तसाच हातात धरून मागं सरकलो.

डॉक्टरबाई उभ्या राहून बोलणार, तोच अकरा नंबरची माय मागून बोलली, आमच्या पोरीचंही तेच नाव आहे. मग दुसरी उठली, मग तिसरी. सहा माया, सहा ऊर्णा. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, आयुष्यभर नाव सांगितलं की लोक मला दोनदा विचारतात, आणि इथं सहा? त्या इतक्या खुश झाल्या, की मायांना त्यांनी स्टेजजवळ बोलावलं आणि मले माइक पुढं धरायले सांगितलं. तुम्हाला अर्थ काय सांगितला, सांगा बघू.

पहाटेचं पहिलं किरण. विजय मिळवणारी. वेदातली नदी. बाभुळगाववालीनं सांगितलं, मोराचा पहिला पिसारा. हे मी कधी म्हटलं असंन? पाचवीनं सांगितलं, गणपतीच्या बहिणीचं नाव. शेवटी वंदना, आवाज थरथरत होता तिचा, शेत राखणारी देवी.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. जपून बोलल्या. "माझ्या आजोबांनी ठेवलं हे नाव. मी जन्मले तेव्हा अंगभर बारीक केस होते. ऊर्णा म्हणजे लोकर."

लोकर! बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या मुलखात, कापसाच्या तालुक्यात, सहा पोरींचं नाव लोकर. सहाही मायांनी आपापल्या पोरीकडं पाह्यलं. आणि मग बाईंनी विचारलं, की हे नाव सुचवलं कोणी?

बारा हात माझ्याकडं वळले, कारण नवरेही आले होते.

"तुम्हाला कुठं मिळालं हे?" बाईंनी मले विचारलं. माझ्या जिभेवर पोथी तयार होती. पण पहिल्या रांगेतून मामाजी उभे राह्यले.

"खरं सांगा, जवाईबुवा."

आता खोटं बोललो असतो, तं त्या माणसानं दुसऱ्यांदा मले 'बसा' म्हटलं नसतं. म्हणून मी खरं सांगितलं, बाईंपुरतं, एकदम हळू आवाजात. बारावीले, यवतमाळले, तुम्ही माझ्या दोन बाकं पुढं बसत होत्या. हळूच सांगितलं हो! पण माइक माझ्या हातात होता, आणि तो चालू होता.

बाईंनी माझ्याकडं नीट पाह्यलं. खरोखर आठवायचा प्रयत्न केला बिचारीनं, मी पाहत होतो. मग म्हणाल्या,

"माफ करा, मला तुम्ही अजिबात आठवत नाही."

अख्खं कार्यालय फुटलं. पानठेल्यावाला आत येऊन हसून गेला. एकटी शोभा हसली नाही, आणि मामाजी हसले नाहीत. मामाजी काठी टेकत स्टेजपाशी आले, तसं सगळं शांत झालं. मले वाटलं, झालं. आता हे काय बोलतील ते मी महिनाभर नाही, जन्मभर घेऊन हिंडणार.

ते माझ्याशी बोललेच नाहीत. डॉक्टरबाईले म्हणाले,

"बाई, एक इचारतो. या नावानं तुमचं बरं झालं का?"

बाई म्हणाल्या, बाबा, अडचणी आल्या, एकदा परीक्षेतही पडले. पण ठरवलं ते केलं. आईवडील माझ्याजवळच राहतात. बरंच झालं म्हणायचं.

मामाजीनं मान हलवली. वंदनाजवळ गेले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठेवा हेच. बोंड धरलेलं बियानं हाये. जवाईबुवाचं सोताचं नाही, म्हणून चांगलं निंगालं."

वंदना रडत रडत हसली. बाकी पाच मायाही खाली बसल्या. स्पर्धेत पहिला नंबर ऊर्णाले मिळाला. कोणत्या, ते सांगायले मले पुन्हा आडनावच घ्यावं लागलं.

शोभाचं माहेर राह्यलं. माझं घर मात्र चार दिवस मुकं होतं. पाचव्या दिवशी भाजी वाढता वाढता ती म्हणाली, "कानात नाव मीच सांगितलं ना त्या लेकराच्या?" मी म्हटलं, हो. बस, पुन्हा तो विषय तिनं कधी काढला नाही. मले वाटलं, सुटलो.

मे महिना आला. भर दुपारी जेवून मी आडवा व्हायले गेलो, तर खाटेवर चादरीच्या जागी घोंगडी. जाडजूड, काळी, टोचणारी. कूलरसमोर घाम फुटला मले. म्हटलं, हे काहून? शोभा म्हणाली, "तुम्हाले लोकर आवडते ना?" आणि शांतपणे गहू निवडायले बसली. अख्खा मे मी त्या घोंगडीवर काढला.

पुढं ऑक्टोबरच्या उन्हात, दसऱ्याच्या सुट्टीत सासरी गेलो. म्हटलं, निदान तिथं तरी गार बाजेवर पडू. मामाजी अंगणातच होते. त्याइनं स्वतः बाज ओढली, आतून काहीतरी आणून तिच्यावर अंथरलं, हातानं नीट सारखं केलं.

घोंगडी. नवी कोरी.

"बसा, जवाईबुवा," मामाजी म्हणाले. "यंदा पराटी बुटकी हाये, सावली नाही पडत. उबेत बसा."